हॉट एअर इंजिनचा शाफ्ट आणि मायक्रोमीटरचे तिसरे दशांश स्थान

गरम हवेवर चालणाऱ्या या इंजिनचा १२ मिमी व्यासाचा शाफ्ट या टप्प्यात पूर्ण झाला. तो शाफ्टसाठीच्या एच-६ मर्यादेत, म्हणजे ११.९८९ ते १२.००० मिमीच्या दरम्यान बसवायचा होता. एकूण मुभा ११ मायक्रॉनचीच (एक मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी) असल्यामुळे ०.०१ मिमी लघुतम मापाचा साधा मायक्रोमीटर इथे पुरत नाही; म्हणून स्लीव्हवर (मिलिमीटरच्या रेघा असलेल्या स्थिर नळीवर) व्हर्निअर, म्हणजे एका रेघेचेही भाग वाचणारी जादा मोजपट्टी असलेला, ०.००१ मिमीपर्यंत वाचणारा मायक्रोमीटर घेतला. टर्निंगपेक्षा (लेथवर कातण्यापेक्षा) जास्त वेळ लागला तो त्याच्या तिसऱ्या दशांश स्थानावर कितपत विसंबायचे हे ठरवण्यास. चांगल्या ०–२५ मायक्रोमीटरमध्येही दोन-चार मायक्रॉनची त्रुटी ग्राह्य धरलेली असते, आणि आपल्या मुभेचा मोठा वाटा त्यातच संपतो.

ॲनव्हिल (मायक्रोमीटरचा स्थिर जबडा) आणि स्पिंडल (सरकणारा दांडा) यांच्यात स्वच्छ कागद हलका धरून ओढून काढला आणि मग शून्य तपासले. शून्य बरोबर आले म्हणजे पुढचे सारे माप बरोबर, असे मात्र धरता येत नाही, कारण स्क्रूची चूक प्रवासात कुठेही असू शकते. त्यासाठी स्लिप गेज, म्हणजे अचूक जाडीचे पोलादी ठोकळे, घ्यावे लागतात आणि त्यांची निवड विचारपूर्वक करावी लागते. स्क्रूची पिच (एका फेरीत सरकण्याचे अंतर) ०.५ मिमी असल्यामुळे ५, १०, १५ अशी मापे घेतली, तर थिंबल (फिरणारी, ५० रेघांची टोपी) दरवेळी शून्याच्याच रेघेवर येऊन थांबते आणि एका फेरीच्या आतली चूक कधीच दिसत नाही. म्हणून ५.१, ७.७, १०.३, १२.९ अशी मापे वापरतात. त्यांत थिंबल अनुक्रमे १०, २०, ३० आणि ४० व्या रेघेवर थांबते. आपला शाफ्ट १२ मिमीचा असल्याने माझे लक्ष १२.९ च्या आसपास अधिक होते.

वाचनात खरी कसोटी लागते ती पूर्ण मिलिमीटरच्या अगदी अलीकडे. माप ११.९९४ असताना स्लीव्हवरची १२ ची रेघ थिंबलच्या कडेखालून किंचित डोकावू लागलेली असते. ती मोजली, तर वाचन १२.४९४ होते. थिंबलचा आकडा ४५ ते ४९ दरम्यान असेल, तर नुकतीच दिसू लागलेली रेघ धरायची नाही, हा नियम मी कायमचा बाळगला आहे. मग ११.५ अधिक ०.४९, आणि व्हर्निअरची चौथी रेघ थिंबलच्या रेघेशी जुळते म्हणून ०.००४. जुळणारी रेघ पाहताना नजर समोरून सरळ हवी, कारण थिंबलची कड स्लीव्हच्या पृष्ठभागापेक्षा थोडी वर असते आणि तिरक्या नजरेने शेजारची रेघ जुळल्यासारखी वाटते. रॅचेट (टोकाची, दाब मर्यादित ठेवणारी मूठ) सावकाश फिरवून दोन-तीन टकटक झाल्यावर थांबावे. झटका दिला की स्पिंडल जोराने टेकते आणि माप कमी येते.

तापमानाचा विचार उन्हाळ्यात टाळता येत नाही. पॉलिश पेपर लावल्यावर पोलादी शाफ्ट खोलीपेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर १२ मिमीवर सुमारे १.४ मायक्रॉन फुगलेला असतो. तो थंड होऊ द्यावा आणि मायक्रोमीटर स्टँडवर लावावा, कारण तळहाताच्या उबेने फ्रेमही फुगते. खोली मापनाच्या प्रमाण २० अंशांऐवजी ३३ अंशांवर असली, तरी शाफ्ट आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे व समान तापमानाचे असतील तर फरक जवळजवळ कटतो. पुढचा पिस्टन मात्र २४ मिमीचा, ॲल्युमिनिअमचा आहे. ॲल्युमिनिअम पोलादाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावते, म्हणून याच खोलीत तो सुमारे ३.६ मायक्रॉनने मोठा वाचला जाईल. ती वजावट आराखड्यावर आधीच लिहून ठेवली आहे.

शाफ्टची तीन ठिकाणी, प्रत्येकी दोन दिशांनी घेतलेली मापे ११.९९२ ते ११.९९५ मध्ये आली. मायक्रोमीटरची त्रुटी तीन मायक्रॉनपर्यंत दोन्ही बाजूंना धरूनही तो मुभेत राहतो, यावर मी समाधानी आहे. पितळी बुशबाबत (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीबाबत) एवढ्याने भागणार नाही. पातळ भिंतीचा बुश तीन जबड्यांवर आतून धरून बाहेरून टर्न केला, तर सोडल्यावर तो किंचित तिकोनी होऊ शकतो, आणि समोरासमोरचे दोनच बिंदू मोजणारा मायक्रोमीटर त्याला सगळीकडे जवळपास सारखाच व्यास दाखवतो. म्हणून बुश मँड्रेलवर (त्याच्या भोकात घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) टर्न करणार आहे आणि नंतर व्ही-ब्लॉकमध्ये (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यात) फिरवून वर डायल गेज लावून त्याची गोलाई पाहणार आहे.