५४ मिलिमीटरचा डॅलग्लिश : तीन उभे, दोन बाकी

मंडळी, स्कॉटिश फुटबॉलपटू केनी डॅलग्लिशचे ५४ मिलिमीटर उंचीचे पाच पुतळे गणपतीआधी संपवायचे, असं ठरवलं होतं. दिवाळी आली. तीन फळीवर उभे आहेत, चौथा हातांविना आडवा पडलाय.

पहिला सेल्टिक या ग्लासगोच्या क्लबचा, आणि त्यानेच जास्त घाम काढला. पोरगा ग्लासगोचा, घरचे सगळे रेंजर्सवाले, म्हणजे सेल्टिकच्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांचे. १९६७ मध्ये सेल्टिकचे शॉन फॅलन दारात आले तेव्हा हा भिंतीवरची रेंजर्सची चित्रं उतरवायला पळाला, असं सांगतात. त्याच पोराच्या अंगावर मी आडवे हिरवे पट्टे चढवत बसलो. आधी अख्खा सदरा पांढरा, दोन पातळ हात. मग पेन्सिलने हलक्या रेघा, मग हिरवा. पट्टा काखेत वळतो तिथे सरळ रेघ ओढली की पुतळा कागदाचा वाटायला लागतो. पट्टा शरीराबरोबर खाली झुकला पाहिजे. दोनदा खरवडून काढला. पाठीवर आकडा का नाही, असं एकाने फोनवर विचारलं. तेव्हा सेल्टिकवाले आकडा सदऱ्यावर घालतच नसत, चड्डीवर असायचा. पट्टे बिघडू नयेत म्हणून. माझ्या दृष्टीने फारच शहाणपणाची प्रथा.

दुसरा १० मे १९७८ चा, वेम्बली. आदल्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलने ४,४०,००० पौंड मोजून त्याला आणला होता. ब्रिटिश क्लबांमधला तोवरचा सर्वांत महागडा सौदा. केव्हिन कीगन हॅम्बुर्गला गेला, त्याचा ७ नंबर याच्या पाठीवर. युरोपियन कपची फायनल, समोर क्लब ब्रुज. साथीदार सूनेसचा पास आला, गोलकीपर येन्सन खाली झुकेपर्यंत हा थांबला आणि चेंडू अलगद त्याच्यावरून उचलला. १-०. मी कोरला तो त्या थांबण्याचा क्षण, मारण्याचा नाही. डॅलग्लिशची सगळी करामत बुडात आणि मांड्यांत होती. बचावपटूला पाठीवर घेऊन चेंडू झाकायचा आणि वाट बघायची. विकत मिळणारे कोरे पुतळे सडपातळ असतात, म्हणून एपॉक्सी पुट्टीचा चांगला जाड थर मागे लावला. बायको म्हणाली, ‘हा बसलाय का?’ म्हणजे जमलं.

लाल रंगाखाली गुलाबी अस्तर द्या, काळ्यावर लाल उठत नाही. आणि जुलैत मॅट वार्निशचा फवारा मारू नका. मी मारला, दमट हवेत सदऱ्यावर पिठासारखी पांढरी साय आली. ब्रशने ग्लॉसचा पातळ हात दिला तेव्हा कुठे लाल परत दिसला.

तिसरा खेळाडू आणि मॅनेजर एकाच अंगात. ब्रुसेल्सच्या हेझेल स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत प्रेक्षक दगावले, त्या दुर्घटनेनंतर, १९८५ मध्ये, त्याच्याकडे लिव्हरपूलचा संघ आला. पहिल्याच हंगामात लीग आणि एफए कप दोन्ही. ३ मे १९८६ ला चेल्सीच्या मैदानावर साथीदार बेग्लिनचा चेंडू छातीवर घेतला आणि खाली पडायच्या आत मारला. लीग त्या गोलावर आली. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. या सदऱ्यावर ‘क्राउन पेंट्स’ लिहायचं होतं. नऊ मिलिमीटरच्या छातीवर, ट्रिपल झिरो ब्रशने, रंगाच्या कंपनीचं नाव! श्वास रोखून एकेक अक्षर.

१९८९ चा एक पुतळा कर, असं मित्राने सुचवलं. नाही. त्या वर्षी हिल्सबरो मैदानावरच्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे चाहते गेले, त्यानंतर तो एकेका अंत्ययात्रेला जात राहिला, एका दिवसात चार-चार. ते फळीवर मांडायचं नाही. फेब्रुवारी १९९१ मध्ये एव्हर्टनशी ४-४ झाल्यावर दोनच दिवसांत त्याने राजीनामा दिला.

चौथा स्कॉटलंडचा, १०२ सामने, ३० गोल. गडद निळा रंग, सोपं काम. हात बसले की झाला.

पाचवा ब्लॅकबर्नचा मॅनेजर, १४ मे १९९५. मालक जॅक वॉकरच्या पैशावर दुसऱ्या श्रेणीतून वर आणलेला संघ, शेवटचा सामना नेमका अॅनफिल्डवर, लिव्हरपूलच्याच मैदानात. शेवटच्या मिनिटांत रेडनॅपच्या फ्री किकने २-१ अशी हार. आणि तेवढ्यात लंडनहून बातमी, जिंकणं भाग असलेलं मँचेस्टर युनायटेड वेस्ट हॅमशी १-१. लीग ब्लॅकबर्नची. तार वाकवून ठेवलीय, कपडेही ठरलेत. चेहऱ्यापाशी अडलोय. तीन मिलिमीटरच्या तोंडावर हार आणि जीत एकदम कशी आणायची, सुचत असेल तर सांगा. तोवर पुट्टी फ्रिजमध्ये.