इन द हाइट्स : जून २०२१ च्या रोजनिशीतून

शनिवार, १२ जून २०२१

काल रात्री ‘इन द हाइट्स’ पाहून आले. महामारी सुरू झाल्यापासून प्रथमच चित्रपटगृहाची पायरी चढले. सोबत प्रयोगशाळेतील मैत्रीण होती. ती डोमिनिकन आहे आणि तिचे सारे बालपण न्यूयॉर्कमधील वॉशिंग्टन हाइट्समध्ये, म्हणजे चित्रपट ज्या वस्तीवर आहे तिथेच, गेले आहे. मी नदीच्या अलीकडे, न्यू जर्सीतील फोर्ट ली येथे राहते आणि रोज जॉर्ज वॉशिंग्टन पूल ओलांडून त्याच वस्तीत कामाला जाते. तिथल्या बोदेगात, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या किराणा दुकानात, सकाळची कॉफी घेते आणि संध्याकाळी घरी परतते. वस्ती रोजच्या पायाखालची असली तरी ती माझी नाही, आणि काल शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मैत्रिणीकडे पाहताना हे सतत जाणवत होते.

कथा तशी लहानशी आहे. उस्नावी हा तरुण बोदेगा चालवतो आणि डोमिनिकन रिपब्लिकमध्ये परत जाऊन वडिलांचा जुना बार पुन्हा उघडण्याचे स्वप्न पाहतो. नीना स्टॅनफर्डहून परत आली आहे आणि आता तिथे जायचे नाही हे वडिलांना कसे सांगावे, या विवंचनेत आहे. व्हनेसाला वस्तीतून बाहेर पडायचे आहे. साऱ्या गल्लीची आजी असलेल्या क्लॉडियाने या सगळ्यांना लहानाचे मोठे केले आहे. त्यात उन्हाळ्याचा उकाडा, वीज जाणे आणि ९६,००० डॉलरची एक लॉटरी. ज्या संगीत नाटकावरून हा चित्रपट निघाला, त्याचा पहिला खर्डा लिन-मॅन्युएल मिरांडाने विद्यार्थिदशेत लिहिला. २००८ मध्ये ते ब्रॉडवेवर आले आणि त्याच वर्षी सर्वोत्तम संगीत नाटकाचा टोनी पुरस्कार त्याला मिळाला. चित्रपट जॉन एम. चू याने दिग्दर्शित केला आहे. तो गेल्याच उन्हाळ्यात यायचा होता, पण साथीमुळे वर्षभर लांबला.

पडद्यापेक्षा प्रेक्षागृहाविषयीच अधिक लिहावेसे वाटते. केशकर्तनालयातील बायकांचे गाणे सुरू झाले तेव्हा मागच्या रांगेतील मुली प्रत्येक टोमण्याला अशा हसत होत्या, की तो आपल्याच मावशीने मारला असावा. अंगणातील गाण्यात एकेका देशाचा झेंडा वर आला, तसा त्या त्या देशाच्या माणसांनी आरडाओरडा करून आपली हजेरी नोंदवली. पिराग्वा विकणाऱ्या माणसाची ढकलगाडी दिसली (पिराग्वा म्हणजे आपल्या बर्फाच्या गोळ्याचा सख्खा भाऊच) आणि तो विक्रेता खुद्द मिरांडा आहे हे ओळखून टाळ्या पडल्या. क्लॉडियाचे भुयारी रेल्वेतील गाणे सुरू झाल्यावर मात्र सारे गप्प झाले. लहानपणी आईबरोबर हवानाहून आलेली ही बाई आयुष्यभर लोकांची घरे झाडत राहिली आणि आता तिला मागे वळून सगळा हिशेब मांडायचा आहे. तिची आई कामाने भेगाळलेले हात झाकण्यासाठी सुंदर हातमोजे घालत असे, हा तपशीलही चित्रपटात येतो. माझ्या मैत्रिणीने त्या गाण्यात माझा दंड धरला आणि गाणे संपेपर्यंत सोडला नाही.

बाहेर पडल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘‘आईला दाखवायला हवा.’’


मंगळवार, १५ जून २०२१

तीन दिवसांत सूर पालटला आहे.

पहिल्या शनिवार-रविवारअखेर अमेरिकेतील गल्ला सुमारे १ कोटी १५ लाख डॉलर झाला. निर्मितीचा खर्च साडेपाच कोटी असल्याचे सांगतात आणि व्यापारातील जाणकारांचे अंदाज प्रत्यक्ष आकड्याच्या जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे ‘चित्रपट पडला’ हे वाक्य लगेच फिरू लागले. वास्तविक तो त्याच दिवशी एचबीओ मॅक्सवर घरबसल्या पाहण्याची सोय होती, पुष्कळ लोक अजून बंद जागेत बसायला कचरत आहेत आणि प्रमुख भूमिकांत सर्वदूर ठाऊक असलेले चेहरे फारसे नाहीत. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांची मते घेणाऱ्या सिनेमास्कोअरने त्याला ‘ए’ श्रेणी दिली. म्हणजे जे आले ते तृप्त होऊन गेले, पण येणारेच थोडे होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि त्यांची गल्लत केली की न आलेल्यांच्या नावावर आलेल्यांचा आनंदही खोटा ठरवला जातो.

दुसरा विषय गल्ल्याहून महत्त्वाचा आहे. ‘द रूट’ या संकेतस्थळाच्या फेलीस लिओन या पत्रकाराने दिग्दर्शकाला आणि कलाकारांना थेट विचारले, की ज्या वस्तीत काळ्या वर्णाचे लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे लोक) एवढे आहेत, तिथल्या कथेत प्रमुख भूमिकांमध्ये गडद वर्णाची लॅटिनो माणसे का नाहीत? मिळालेली उत्तरे ‘त्या त्या भूमिकेला योग्य माणूस शोधत होतो’ या वळणाची होती. अशा उत्तराने कोणाचे समाधान झाल्याचे मला आठवत नाही. काल मिरांडाने जाहीर क्षमा मागितली. सगळ्या समाजाचे चित्र रंगवायला निघालो आणि त्यात उणे पडलो, असा त्याच्या निवेदनाचा आशय आहे. त्यात सबबी नाहीत, हे मला आवडले.

आज पात्रांची यादी पुन्हा डोळ्यांखालून घातली. उस्नावी झालेला अँथनी रामोस पोर्तोरिकन वंशाचा आहे, व्हनेसा झालेली मेलिसा बरेरा मेक्सिकन आहे, क्लॉडिया साकारणाऱ्या ओल्गा मेरेडिस क्यूबात जन्मल्या. नीनाची भूमिका करणारी लेस्ली ग्रेस डोमिनिकन वंशाची आहे आणि स्वतःला आफ्रो-लॅटिना म्हणवते, पण तिचा वर्ण उजळ आहे. प्रमुख पात्रांत सर्वांत गडद वर्णाचा नट म्हणजे कोरी हॉकिन्स, आणि त्याने रंगवलेला बेनी कथेत लॅटिनोच नाही.

माझ्या दृष्टीने खरी मेख इथे आहे. रंगमंचावरच्या मूळ नाटकात नीनाच्या वडिलांना बेनी जावई म्हणून नको असतो, कारण तो ‘आपल्यातला’ नाही. वस्तीच्या आतल्या दुराव्याला हात घालणारा तो धागा होता. चित्रपटात तो काढून टाकला आहे, आणि त्या वादात नवऱ्याला खडसावणारी नीनाची आई तर कथेतूनच वगळली आहे. त्या जागी उस्नावीच्या लहान चुलतभावाकडे कागदपत्रे नसल्याचे उपकथानक आले. ते आजच्या काळाला धरून आहे आणि चांगले उतरलेही आहे. मात्र बाहेरून होणारा अन्याय दाखवणे सोपे असते आणि घरातला दाखवणे कठीण. पटकथा लिहिणाऱ्या कियारा अलेग्रिया ह्यूडेस यांनी मूळ नाटकाची संहिताही लिहिली होती. तेव्हा हा धागा हाताशी असूनही सोडून दिला गेला, असे म्हणणे भाग आहे.


गुरुवार, १७ जून २०२१

परवा रात्री ज्येष्ठ पोर्तोरिकन अभिनेत्री रीटा मोरेनो यांनी दूरचित्रवाणीवर मिरांडाची बाजू घेतली. त्या आल्या होत्या स्वतःवरील माहितीपटासाठी, ज्याच्या निर्मात्यांत मिरांडाही आहे. लोकांनी जरा थांबावे, हा विषय सोडून द्यावा, असा त्यांचा सूर होता. त्यावरून गदारोळ झाला आणि काल त्यांनीही क्षमा मागितली. १९६१ च्या ‘वेस्ट साइड स्टोरी’साठी याच बाईंच्या चेहऱ्यावर त्यांच्या मूळ वर्णाहून गडद रंग थापला होता आणि त्यांनी त्याविषयी वर्षानुवर्षे उघडपणे सांगितले आहे. त्याच चित्रपटात पोर्तोरिकन नायिका झाली होती नॅटली वुड. ज्यांना एवढे सोसावे लागले, त्यांना आजचे चित्र पुष्कळ सुधारलेले वाटावे, हे मी समजू शकते. पण सुधारणा किती झाली हे मोजताना प्रत्येक पिढी आपल्याच उंबरठ्यापासून मोजते.

आज दुपारच्या जेवणात मैत्रिणीला विचारले, की तुला काय वाटले ते खरे सांग. ती पुष्कळ वेळ डबा उघडण्यात गुंतून राहिली. मग म्हणाली, ‘‘मला चित्रपट आवडला. पोहण्याच्या तलावावरचे गाणे लागले तेव्हा मी स्वतःला पाहिले. मी तिथे नाचत होते. मला नाव मात्र नव्हते.’’ ते गाणे हायब्रिज तलावावर चित्रित केलेले आहे. १९३६ साली सुरू झालेल्या या सार्वजनिक तलावात ती लहानपणी दर उन्हाळ्यात डुंबत असे. तिच्याच रंगाची कितीतरी माणसे त्या दृश्यात पाण्यात आणि काठावर नाचताना दिसतात. कॅमेरा त्यांच्यावरून सरकतो आणि उजळ चेहऱ्यांवर येऊन थांबतो.

तिची आई केशकर्तनालयात काम करते. डोमिनिकन केशकर्तनालयांची ख्याती साऱ्या न्यूयॉर्कमध्ये आहे. केसांत रोलर गुंडाळायचे, गरम हवेच्या टोपाखाली तासभर बसायचे, मग गोल ब्रशने ओढून ओढून केस पाण्यासारखे सरळ करायचे. मैत्रिणीचे शनिवार त्या टोपाखालीच गेले. ‘‘तिथे माझ्या केसांबद्दल सगळे बोलत. सरळ केस म्हणजे चांगले केस, माझे म्हणजे वाईट. माझी मावशी, माझी आई, शेजारीण, सगळ्या बोलत. प्रेमानेच बोलत,’’ ती म्हणाली. चित्रपटातील केशकर्तनालयात गल्लीतील प्रत्येकाची लफडी चघळली जातात. पण त्या खुर्च्यांवर रोज केसांचा आणि रंगाचा जो निवाडा होतो, तो तिथे दिसत नाही. हे तिने दाखवून दिल्यावर मला ते दृश्य पहिल्यासारखे दिसेना.

मी विचारले, मग राग आला का? ती म्हणाली, राग आपल्याच माणसांचा येतो. निळ्या डोळ्यांच्या माणसांनी तिच्या वस्तीवर अमली पदार्थ आणि गोळीबारांचे डझनभर चित्रपट काढले, तेव्हा तिने साधी तक्रारही केली नव्हती, कारण त्यांच्याकडून तिची अपेक्षाच नव्हती.


रविवार, २० जून २०२१

काल न्यू जर्सीतल्याच एडिसन गावी एका मराठी कुटुंबाकडे जेवायला गेले होते. काका-काकू १९७० च्या दशकात इकडे आले. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने भारतीय डॉक्टर-अभियंत्यांना दार उघडले आणि त्याच काळात डोमिनिकन कुटुंबेही हाइट्समध्ये येऊ लागली, कारण १९६१ साली त्रुहियो या हुकूमशहाची हत्या झाल्यावर तिथून बाहेर पडणे सोपे झाले होते. एकाच दशकात आलेले हे दोन समाज. त्यातले आम्ही उपनगरांत घरे घेतली आणि ते भाड्याच्या इमारतींत राहून आज वाढत्या भाड्यांशी झगडत आहेत. पदव्या घेऊन येणे आणि हात घेऊन येणे यांत केवढे अंतर पडते, यावर आमच्या मंडळांच्या स्मरणिकांत फारसे कोणी लिहीत नाही.

विषय निघालाच. काकांनी घरी चित्रपट पाहिला होता आणि त्यांना तो मनापासून आवडला होता. उस्नावीचे परत जायचे स्वप्न त्यांना आपले वाटले. पुण्यात घेतलेली सदनिका गेली पंचवीस-तीस वर्षे कुलूपबंद ठेवलेल्या माणसाला ते आपले वाटणारच. पण वादाविषयी ते म्हणाले, ‘‘अगं, एवढं चांगलं काढलं तरी लोकांचं पोट दुखतंच. सगळ्यांना खूश कोण करू शकलंय?’’ काकूंनी मान हलवली, पण मग आमटी वाढता वाढता म्हणाल्या, ‘‘असं नाही हो. आपण श्रीकांतसाठी मुली बघत होतो तेव्हा गोरी हवी असं लिहिलं होतंत तुम्हीच. मी सावळी, तरी लिहिलंत.’’ टेबलावर कोणीच काही बोलले नाही. काकांनी ताक मागितले.

त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. आमच्याकडच्या विवाहविषयक जाहिराती वाचून ज्याची नजर घडली, त्याला मैत्रिणीचे म्हणणे समजावून सांगण्याची गरज पडू नये, एवढेच मनात आले. चित्रपटाचे कौतुक करताना मला काहीच मोजावे लागले नव्हते. गाणी उत्तम, नाच उत्तम, इमारतीच्या भिंतीवर चालत नाचणारे प्रेमी जीव डोळ्यांत भरणारे. वर्षानुवर्षे त्या गल्ल्यांतून ये-जा करूनही मी पडद्यावर स्वतःला शोधत नव्हते, म्हणून कोण गाळले गेले ते मला दिसले नाही. ज्यांच्यासाठी तो काढला होता त्यांनी बारकाईने पाहिले, आणि बारकाईने पाहणाऱ्यालाच उणिवा दिसतात.

मला आता भीती वेगळीच वाटते. कमी गल्ल्याचा आकडा घेऊन कोणी निर्माता पुढच्या बैठकीत सांगेल, की अशा वस्त्यांचे चित्रपट चालत नाहीत, आणि या वादाचा आधार घेऊन दुसरा सांगेल, की यांना काहीही दिले तरी हे भांडतातच. दोघांचा निष्कर्ष एकच, की पुन्हा काढू नये. एका वस्तीवर वर्षाला पाच-सहा चित्रपट निघाले असते, तर एकाच चित्रपटाला सर्वांचे ओझे वाहावे लागले नसते. श्रीमंत गोऱ्या कुटुंबांवरील चित्रपटात कोणी सुटले म्हणून कोणी जाब विचारत नाही, कारण सुटलेले दुसऱ्या चित्रपटात असतात.

आज सकाळी मैत्रिणीचा निरोप आला. ती आईला घेऊन दुपारच्या खेळाला जात आहे, आणि आईच्या केशकर्तनालयातील दोघी जणीही बरोबर आहेत. त्या चौघींचे एकमत होणे शक्य नाही, असे तिने लिहिले आहे, आणि उद्या जेवणाच्या सुट्टीत मला सगळे ऐकावे लागेल.