मित्राचं पर्सेंटाइल आणि तुमचा ऑप्शन फॉर्म

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, निकाल लागतो त्या संध्याकाळी प्रत्येक ग्रुपमध्ये एकजण असा निघतोच, ज्याने "मी काहीच केलं नाही रे" म्हणत वर्ष काढलं आणि आता पुण्याचं सीओईपी नाहीतर मुंबईचं व्हीजेटीआय ही नावाजलेली कॉलेजं त्याच्या टप्प्यात आहेत. पहाटे पाचला उठून वह्या भरणाऱ्याच्या पोटात तेव्हा कालवतं. हा राग खरा आहे, त्याची लाज वाटून घेऊ नका. पण तो कशाचा आहे ते कागदावर मांडून बघा, कारण पुढे हाच राग ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे कॉलेज-शाखांचे पर्याय क्रमाने भरायच्या यादीत, उतरतो आणि खरं नुकसान तिथे होतं.

आधी गुणांचं गणित. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटात फिजिक्सचे 50 आणि केमिस्ट्रीचे 50 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण. मॅथ्सचे 50, पण प्रत्येकी 2 गुण. समजा, तुमचे फिजिक्समध्ये 42, केमिस्ट्रीत 44 आणि मॅथ्समध्ये 30 प्रश्न बरोबर आले. एकूण 116 बरोबर, गुण 146. मित्राचे 36, 37 आणि 39 आले. त्याचे बरोबर 112, म्हणजे तुमच्यापेक्षा 4 कमी. गुण मात्र 151. दोन विषय तुम्ही जास्त पक्के केलेत, पण निम्मे गुण तिसऱ्या विषयाला होते.

वेळेचंही तसंच. मॅथ्सला 90 मिनिटं म्हणजे प्रश्नाला 108 सेकंद. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 90 मिनिटं, म्हणजे प्रश्नाला 54 सेकंद. उत्तर संपूर्ण, पायऱ्या मांडून लिहायची सवय बोर्डाला उपयोगी पडते, इथे तीच वेळ खाते. शिवाय निगेटिव्ह मार्किंग नाही. "खात्री नाही" म्हणून मॅथ्सचे 8 प्रश्न कोरे सोडले, तर चार पर्यायांतून नुसत्या अंदाजाने सरासरी 2 बरोबर आले असते, म्हणजे 4 गुण गेले. प्रामाणिक मुलं हे फार करतात. बेफिकीर मुलगा शेवटच्या मिनिटात उरलेल्या सगळ्या प्रश्नांवर क्लिक करून मोकळा होतो.

अकरावीचा वाटा सुमारे 20 टक्के असतो, मॅथ्समध्ये साधारण 10 प्रश्न, 20 गुण. ज्याने अकरावी नीट केली तो बारावीत निवांत दिसतो. त्याचे दोन वर्षांपूर्वीचे तास तुम्ही पाहिलेले नसतात. तुमचे मात्र तुम्हाला मिनिटामिनिटाने आठवतात.

आणि "मला 146, त्याला 140, तरी त्याचं पर्सेंटाइल जास्त कसं?" हा प्रश्न शिफ्ट (पेपरचं सत्र) वेगळी असेल तर विचारूच नका. पर्सेंटाइल त्या शिफ्टमधल्या मुलांच्या तुलनेत निघतं. शिफ्टला 10,000 मुलं असतील आणि तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण असलेली तुम्हाला धरून 9,900 असतील, तर 99. पेपर अवघड गेलेल्या शिफ्टमध्ये कमी गुणांवरही तेच पर्सेंटाइल येतं. यात कुणी कुणाचं काही चोरलेलं नसतं.

आता फॉर्म. मित्राच्या ईर्षेने भरलेला फॉर्म लगेच ओळखू येतो: हवी असते कॉम्प्युटर, पण "मीही व्हीजेटीआयला जाऊन दाखवतो" म्हणून तिथली टेक्स्टाइल एक नंबरला. टेक्स्टाइल आवडत असेल तर जरूर घाला, ती चांगली शाखा आहे. आवडत नसेल तर पुढे काय होतं ते बघा. 2025 च्या प्रवेशाला कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा लागला, की जागा आपोआप फ्रीज, म्हणजे तीच पक्की. ती घ्या, नाहीतर पुढच्या कॅप फेऱ्या बंद. रागाच्या भरात वर टाकलेली शाखा अशी चार वर्षं गळ्यात पडते. यंदाचा नियम माहितीपुस्तिकेतून शब्दन् शब्द वाचून घ्या, तो बदलत असतो.

उलटी चूकही होते: "ते कॉलेज मला कुठलं लागायला" म्हणून मनापासून हवा असलेला पर्याय खाली ढकलणं. यादी वरून खाली तपासली जाते. वरचा पर्याय लागला नाही, तरी खालच्यावरचा तुमचा हक्क जराही कमी होत नाही. म्हणून क्रम आवडीचा ठेवा, कटऑफचा नाही. कटऑफ बघायचा तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवायला, आणि तोही आपल्याला लागू असलेल्या जागांच्या कोडचा: जीओपीईएनएच म्हणजे सर्वसाधारण, खुला, होम युनिव्हर्सिटी (आपल्याच विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठीच्या जागा). एलने सुरू होणारा कोड मुलींच्या जागांचा. मित्राला लागू होणारा कोड तुमचा असेलच असं नाही.

मित्राचं काय करायचं? अलॉटमेंटच्या, म्हणजे जागा जाहीर होण्याच्या, दिवशी ग्रुप म्यूट करा. त्याला "अभिनंदन, मॅथ्स भारी गेलं तुझं" एवढं, खरं असेल तेच लिहा. "नशीबवान आहेस" लिहू नका, ते त्यालाही टोचतं. आणि फॉर्म कन्फर्म करण्याआधी प्रिंट काढून पहिले सहा पर्याय घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ज्या ओळीपाशी "हे का?" याचं उत्तर मित्राच्या नावाने सुरू होईल, ती ओळ तिथल्या तिथे खाली घ्या.