आठळ्यांचं प्लॅस्टिक
परवा ताटात पसरलेला थर आज अख्खा सोलून निघाला. पारदर्शक, किंचित पिवळसर, वाकवला तरी न तुटणारा! मी आणि भाचीने फणसाच्या आठळ्या वाटून फडक्यातून गाळल्या, तळाशी बसलेला स्टार्च पाणी, व्हिनेगर, ग्लिसरीन घालून मंद आचेवर घोटला. लवचीकपणा ग्लिसरीनचा, नुसता स्टार्च वाळला की तडकतो. पाण्यात मात्र हा तुकडा मऊ पडतो, त्यामुळे मासळीच्या पिशवीला चालणार नाही. सुक्या खाऊच्या पुडीला चालेल, असं मला मनापासून वाटतं.

रत्नागिरीत कॅनिंगच्या हंगामात आंब्याच्या बाठ्यांचे ढीग पडतात, त्यांच्या आतल्या गरातही स्टार्च असतो. २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, तरी भाट्याच्या किनाऱ्यावर पिशव्या दिसतातच. बाठे फोडायची सोपी युक्ती कुणाला माहीत असेल तर नक्की कळवा.