सियागंजचे बुश आणि सडबरीची थंडी

या वेळी इंदूरहून परत येताना बॅगेत काय होतं विचारा. सेव, जीरावन, आईने कोंबलेली लोणच्याची बरणी, आणि आठ पांढऱ्या प्लास्टिकच्या नळ्या, आत स्टीलचे स्लीव्ह घातलेल्या. आई म्हणे हे काय घेऊन जाऊन राहिला तू कॅनडात, तिथे प्लास्टिक मिळत नाही का.

मिळतं. डीलरकडे पूर्ण किट मिळतं, पण माझी स्नोमोबाइल जुनी, आणि खरं सांगायचं तर आपला कंजूषपणा.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी, स्नोमोबाइल म्हणजे चाकं काढून टाकलेली स्कूटर समजा, पुढे दोन स्की, मागे रबराचा रुंद पट्टा, आणि इंजिनपासून पट्ट्यापर्यंत दोन पुलींमधला बेल्ट, गिअर बदलायची भानगड नाही, अगदी आपल्या कायनेटिक होंडासारखं. तीच, जी आपल्या पीथमपूरलाच बनायची. मी ओंटारियोच्या उत्तरेकडे सडबरीत राहतो, निकेलच्या खाणींचं गाव, शहराच्या हद्दीतच तीनशेवर तळी, ती सगळी हिवाळ्यात गोठतात आणि लोक त्यावरून गाड्या पळवतात.

तर मागच्या सीझनमध्ये माझी गाडी सरळ चालेना. हँडल सरळ, गाडी आपली डावीकडे उजवीकडे हुंगत चाललीये. मला वाटलं स्कीखालच्या कार्बाइडच्या पट्ट्या झिजल्या, त्या बदलल्या, काही फरक नाही. मग पुढून जॅकवर उचलली, स्कीचं टोक धरून आडवं हलवलं तर खट, खट. सस्पेन्शनचे जे हात असतात ना, वरचे दोन आणि खालचे दोन, प्रत्येकाचे दोन पाय फ्रेमला बोल्टने लागतात, तिथले बुश गेलेले. (बुश म्हणजे हाताच्या भोकात बसणारी प्लास्टिकची नळी, ती आतल्या स्टीलच्या स्लीव्हवर फिरते, स्लीव्ह मात्र बोल्टवर घट्ट.) एक बोल्ट तर स्लीव्हमध्ये गंजून असा बसलेला की रात्रभर तेल सोडून ठेवलं तेव्हा सकाळी हलला. (टॉर्चने तापवायचा मोह होतो, पण करू नका, बाजूला प्लास्टिक आहे.) स्लीव्ह बाहेर काढला तर त्यावर नख अडकेल एवढा खड्डा. नुसता बुश बदलून भागलं नसतं, स्लीव्हही नवीन हवा.

नोव्हेंबरात लग्नासाठी इंदूरला आलो तेव्हा एक जुना बुश खिशात. रामबागेतल्या काकांना दाखवला, त्यांनी उभी हयात पीथमपूरच्या कारखान्यांत काढलीये, चष्मा कपाळावर नेऊन दोन मिनिटं नुसतं फिरवून बघितलं आणि म्हणाले चल. सियागंजात रॉड घेतला. दुकानदार नायलॉन देत होता, काकांनी हात वर केला, नायलॉन पाणी पितं, फुगतं, तू तर दिवसभर बर्फात, डेलरिन घे, ते दुसरं कडक प्लास्टिक. मग पुढच्या एका गल्लीत खरादवाला, म्हणजे लेथवाला, त्याने व्हर्नियर लावलं, पांढरे दोरे सुटायला लागले, आणि पहिला बुश स्लीव्हवर चढवून मला दिला. काय फिट म्हणून सांगू, मख्खन.

त्याने विचारलं, "भिया, थोड़ा ढीला रखूँ क्या?"

काका म्हणाले, "थंडीत आकसेल रे तो, विचार कर."

मी शहाणा. म्हटलं, "काका, हे काय लोखंड आहे का आकसायला? झिजलेल्यानेच तर वैताग आणलाय, एकदम टाइट करू दे."

डिसेंबरात इथे गॅरेजमध्ये बसवले. हातोडा नाही वापरायचा, कडा फुटतात, लांब बोल्ट आणि दोन वॉशर घालून नट आवळत गेलं की बुश सरळ आत जातो. ग्रीसही थंडीचं खास, आपलं साधं इथे थिजलेल्या तुपासारखं होतं. मग शॉकॉबचा खालचा बोल्ट काढून सस्पेन्शनचा हात सोडला, आपल्या वजनाने हळूच खाली आला. झालं की काम!

जानेवारीत उणे 28 ला बाहेर काढली. पुढचं सस्पेन्शन लाकडाचं. उंचवट्यावर गेलं की स्की वरच राहतेय, मग मनात आलं की खाली येतेय. परत खोललं तेव्हा दिसलं, बुशने स्लीव्हला असं आवळलं होतं की स्लीव्ह त्याच्याबरोबर बोल्टवर फिरत होता आणि फ्रेमच्या ब्रॅकेटवर चकचकीत रिंग उमटलेली. अजून दोन आठवडे चालवली असती तर ब्रॅकेटच खाल्लं असतं.

मग वही काढली. डेलरिन स्टीलच्या आठ-नऊ पट आकसतं. इंदूरचे 30 अंश ते इथले उणे 28, आणि 20 मिलिमीटरचं भोक, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग गेला. शिवाय सस्पेन्शनच्या हातात दाबून बसवल्यावर भोक थोडं आणखी मिटतं, ते वेगळं. माझं मख्खन इथे पोचेपर्यंत संपलेलं.

काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आठही बुश घासत बसलो. घासायचं, रात्रभर स्लीव्हसकट बाहेर ठेवायचं, सकाळी जाड हातमोज्यात धरून उभं करायचं, स्लीव्ह आपोआप घसरून खाली पडला तर पास. चौथ्या दिवशी आठवा पास झाला. बायको म्हणे आता यांना नावं ठेव.

नट नवीन लावले, ते आत नायलॉनची रिंग असलेले एकदा काढले की परत भरवसा नाही. आता दर वेळी गाडी धुतली की ग्रीस मारतो, पाण्याच्या प्रेशरने जुनं निघून जातं आणि पाणी आत बसतं.

उणे 26 ला सस्पेन्शनचा हात आपणहून खाली येतोय असा व्हिडिओ काकांना पाठवला. त्यांचा फोन आला. तीन वेळा बघितला म्हणाले, आणि मग, "पण उन्हाळ्यात ढिला होईल, त्याचं काय केलंस?"

"उन्हाळ्यात गाडी शेडमध्ये असते, काका."

"मग ठीक आहे."