अहवालातले ९६

इंदूरच्या रामबागेत राहणारे एक निवृत्त शिक्षक पत्नीसह आमच्या प्रयोगशाळेत आले, तेव्हा त्यांच्या दोन्ही वरच्या पापण्या बाहेरच्या कोपऱ्यांत इतक्या सुजल्या होत्या की डोळे अर्धे मिटल्यासारखे दिसत. काकूंनी पर्समधून त्यांचे जुने ओळखपत्र काढून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाल्या, "आठ महिन्यांपूर्वीपर्यंत हे असे दिसत होते. आता लोक विचारतात, घरात कोणी गेले का?" दुखणे अजिबात नव्हते. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही अश्रुग्रंथी वाढलेल्या दिसत होत्या. नेत्रशल्यविशारदांना लिम्फोमाची, म्हणजे लसीका पेशींच्या कर्करोगाची, शंका होती. मात्र आयजीजी-४ या रक्तातील प्रथिनाशी निगडित आजारही असाच दिसतो, म्हणून बायोप्सीपूर्वी, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून तपासण्यापूर्वी, त्यांनी रक्ताच्या काही चाचण्या लिहून दिल्या होत्या.

आयजीजी-४ आले ९६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. संशयाची रेषा १३५ च्या वर धरली जाते, त्यामुळे मी सही केली आणि अहवाल गेला. दुपारी त्याच रक्ताचे उरलेले आकडे समोर आले, तेव्हा मात्र मी अस्वस्थ झाले. एकूण आयजीजी (आयजीजी-४ हा त्याचाच एक उपप्रकार) ३,४८० होते, म्हणजे नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक. विजेच्या साहाय्याने रक्तातली प्रथिने वेगळी करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिसच्या आलेखात लिम्फोमा किंवा मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगामध्ये कधीकधी दिसणारे टोकदार शिखर नव्हते. होता तो रुंद, पसरट उंचवटा, आणि बीटा व गॅमा या प्रथिनगटांच्या मधली एरवी खोलगट असणारी जागा भरून निघाली होती. आयजीजी-४ नेमके तिथेच सरकते.

मी तंत्रज्ञाला तेच सिरम आणखी वीसपट पातळ करून पुन्हा लावायला सांगितले. तो म्हणाला, "मॅडम, कंट्रोल तर सकाळी बरोबर आले होते." तेही खरेच होते; आधीच माहीत मूल्यांचे ते नमुने अचूक आले होते. यंत्र प्रथिन आणि त्याला धरणारे चाचणी-द्रवातले प्रतिपिंड यांच्या गुंत्यावरून विखुरणारा प्रकाश मोजते. प्रत्येक प्रतिपिंडाला जणू दोनच हात असतात. प्रथिन बेसुमार असले की प्रत्येकाचे दोन्ही हात वेगवेगळ्या रेणूंनी अडकतात, जाळे विणलेच जात नाही, प्रकाश कमी विखुरतो आणि भरमसाट प्रथिन असलेले रक्त सामान्य म्हणून छापले जाते. याला प्रोझोन परिणाम म्हणतात. तो मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवला आहे, हे इथे लिहिताना संकोच वाटतो.

पातळ केलेल्या नमुन्याचा हिशेब १,२४० वर गेला.

मी शल्यविशारदांना फोन करून चूक सांगितली आणि सुधारित अहवाल पाठवला. बायोप्सी टळणार नव्हतीच, कारण काही लिम्फोमांतही आयजीजी-४ वाढते आणि उलट हा आजार असणाऱ्या अनेकांत ते सामान्यही असते. परंतु पहिला आकडा तसाच राहिला असता, तर ग्रंथीच्या त्या इवल्याशा तुकड्यावर आयजीजी-४ च्या पेशी ओळखू येतील असे रंजन (स्टेनिंग) करण्याचे कदाचित कोणी सुचवलेच नसते. ते झाले. आयजीजी असलेल्या प्लाझ्मा पेशींपैकी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींपैकी) ४० टक्क्यांहून कितीतरी अधिक पेशी आयजीजी-४ च्या निघाल्या, भोवती तंतूंचे भोवरे होते, आणि लिम्फोमाची चिन्हे नव्हती; म्हणजे आजार आयजीजी-४ चाच होता. १८८८ मध्ये तेव्हाच्या प्रशियातील कोनिग्सबर्गला शल्यविशारद मिकुलिच यांनी एका शेतकऱ्याच्या अशाच सुजलेल्या अश्रू व लाळग्रंथी पाहिल्या होत्या. त्या विकाराचा या प्रथिनाशी असलेला संबंध एकविसाव्या शतकात उलगडला.

प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू झाल्यावर तीन आठवड्यांनी काका रक्तातील साखर तपासायला आले. पापण्या उतरल्या होत्या, चेहरा ओळखपत्रातल्यासारखा दिसत होता. साखर मात्र औषधाने वाढली होती आणि पोह्यांबरोबरची जिलेबी काकूंनी बंद केली होती. अहवाल हातात घेऊन ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग काकूंना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "मॅडम, हेही एकदा पातळ करून बघता का?"