सीडी हंड्रेडला स्प्लेंडरचा सायलेन्सर

काका आले ते सायलेन्सर काखेत घेऊनच. गाडी त्यांची हिरो होंडाची सीडी हंड्रेड एसएस, ९६ ची, एमएच ०४. वागळे इस्टेटला रोड नंबर १६ जवळ माझं गॅरेज आहे, काका तिथल्याच एका कंपनीतून रिटायर झाले, राहायला किसननगरला, आणि घेतल्यापासून ही गाडी त्यांनी दुसऱ्या कोणाच्या हातात दिलेली नाही. या वर्षी परत पासिंग होतं, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावं लागतं ते. जुन्या सायलेन्सरला खालून एवढी भोकं की काकांनी डब्याचा पत्रा गुंडाळून वरून तार आवळली होती. म्हणून ते स्वतः कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेले आणि २०१८ च्या स्प्लेंडरचा सायलेन्सर १८०० रुपयांना घेऊन आले. बीएस-फोर, म्हणजे प्रदूषणाच्या नंतरच्या कडक नियमांतल्या गाडीचा, क्रोम अजून चकचकीत.

मला म्हणाले, "अरे इंजिन एकच आहे ना दोघांचं, मग बसायला काय हरकत आहे?"

इंजिन एकच हे खरंच आहे. ९७.२ सीसी, बोअर म्हणजे सिलेंडरची रुंदी ५० एमएम आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ४९.५, सीडी हंड्रेड ८५ साली आली तेव्हापासून स्प्लेंडरपर्यंत घराणं तेच. आणि सीडी हंड्रेडला बाजारात जो डुप्लिकेट सायलेन्सर मिळतो त्याचा पत्रा इतका पातळ असतो की दोन पावसाळ्यांत चाळण होते, ठाण्याचा पाऊस आणि रस्त्यावरचा चिखल मिळून काही ठेवत नाही. गाड्या तीस तीस वर्षं चालतील अशा बनवल्या आणि पार्ट मात्र बंद करून टाकले, याचा मला मनापासून राग आहे. तर मी हो म्हटलं.

बाहेरच्या माणसाला वाटतं सायलेन्सर बदलणं म्हणजे दोन नट आणि एक बोल्ट. या इंजिनाचा सिलेंडर पुढे आडवा पडलेला असतो त्यामुळे एक्झॉस्टचं तोंड खाली, म्हणजे ते दोन नट सगळा चिखल आणि पाणी खात बसतात, आणि काकांच्या गाडीला तर ते नट होते की गंजाचे गोळे तेच कळत नव्हतं. रात्रभर ऑइल सोडून ठेवलं. सकाळी गोणपाटावर आडवा झालो, हेडला गॅसच्या टॉर्चने शेक दिला, कारण हेड ॲल्युमिनियमचं आणि स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो हेडमधला बिनडोक्याचा बोल्ट, लोखंडाचा, ॲल्युमिनियम जास्त फुगतं म्हणून पकड सुटते. उजव्या बाजूचा नट आला. डावा अर्धा आटा फिरला आणि मग हाताला ते मऊ लागलं. ज्याने हे काम केलंय त्याला तो मऊपणा माहीत आहे, पाना फिरतोय पण नट फिरत नाहीये, स्टड पिळतोय. थांबलो, तरी तुटलाच, हेडच्या आत.

६ एमएमचा स्टड, तो बरोबर मधोमध पंच करायचा, आधी बारीक ड्रिल, मग ५ चं, आणि हात जरा जरी तिरका गेला तरी ॲल्युमिनियम कापलं जाणार आणि हेड बाद. पोऱ्याला बाजूला आरसा धरायला लावला म्हणजे ड्रिल सरळ आहे का ते दोन्ही बाजूने दिसतं. दीड तास लागला. शेवटी स्टडचं टरफल आट्यातून सुरवंटासारखं बाहेर आलं, वर आटे साफ करायचा टॅप मारला, जुने आटे वाचले, हेलिकॉइलची, म्हणजे आटे गेले की आत बसवतात त्या तारेच्या आट्यांची, गरज पडली नाही. हे काम मी चांगलं केलं, आणि ते कोणालाच दिसत नाही म्हणून इथे लिहून ठेवतोय.

मग फिटिंग. मागचा कान गाडीच्या ब्रॅकेटपासून १२ एमएम बाहेर येत होता. इथे बरेच जण बोल्ट घालून आवळून खेचून घेतात, गाडी जाते, आणि तीन महिन्यांनी बेंड पाईपला फ्लँजजवळ, म्हणजे हेडला आवळतात त्या पट्टीजवळ, चीर पडते आणि गिऱ्हाईक म्हणतं माल खराब होता. मी लेथवाल्याकडून १२ एमएमचा स्पेसर करून घेतला. तांब्याची रिंग नवीन टाकली, जुनी रिंग दाबून परत लावणारा मेकॅनिक माझ्या लेखी मेकॅनिक नाही. पुढचे दोन्ही नट हाताने, मग मागचा बोल्ट हाताने, मग पुढचे थोडं थोडं आलटून पालटून फुल टाइट आणि मागचा सगळ्यात शेवटी, म्हणजे पाईपवर ताण राहत नाही. फ्लँजवर साबणाचं पाणी टाकून बघितलं, एक बुडबुडा नाही. आवाज एकदम मऊ. काकांनी डोळे मिटून ऐकला, खरंच मिटले होते. पीयूसीलाही आरामात पास, २००० च्या मार्चआधीच्या गाडीला सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, ही त्याच्या निम्म्यातच होती. पासिंग झालं. मी खूश, काका खूश.

सव्वीस दिवसांनी काका गाडी ढकलत आले. चालू होते पण ओढत नाही, तिसऱ्या गिअरला चाळीसच्या पुढे जात नाही, संध्याकाळी बघितलं तर पाईप लाल दिसतो म्हणाले.

प्लग काढला, काळा आणि ओलसर. कार्बोरेटर साफ, क्लच ठीक, ब्रेक चिकटून राहत नाहीये, कॉम्प्रेशन थोडं कमी पण एवढं नाही. मी गाडी घेऊन उपवनला गेलो आणि तिथून येऊरचा चढ धरला, माझी टेस्ट राईड कायम तीच असते, सपाट रस्त्यावर गाडी खोटं बोलते. पहिल्याच वळणाला दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन गुदमरायला लागलं. थ्रॉटल फुल, आवाज दबलेला, उशी तोंडावर ठेवल्यासारखा. बाजूला घेतली, थोडी गार होऊ दिली, खिशातल्या दहाच्या पान्याने फ्लँजचे दोन्ही नट तीन तीन आटे ढिले केले आणि परत किक मारली. फाटका आवाज, पण गाडी तोच चढ तिसऱ्या गिअरला चढली! मग लगेच बंद केली, झाडीत तेवढा आवाज करणं बरोबर नाही, आणि नट आवळून खाली आलो. उत्तर मिळालं होतं, धुराला बाहेर जायला वाट नव्हती.

वेल्डिंगवाल्याकडे सायलेन्सर कापला. आत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पत्र्याची मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी, चहाच्या ग्लासाएवढी, त्यावर प्लॅटिनम वगैरे महागड्या धातूंचा पातळ थर असतो. ती पुढच्या तोंडाला पूर्ण बुजलेली. खिळ्याने खरवडलं तर डांबरासारखा थर निघाला, आणि एका कडेला जाळी उष्णतेने वितळून बसलेली.

मग काकांना विचारलं, जे मी पहिल्या दिवशी विचारायला पाहिजे होतं. "काका, ऑइल टाकावं लागतं का मधे?" ते म्हणाले, "हो, पाचशे किलोमीटरला दोनशे मिली टाकतो की, जुनी गाडी आहे." ९०० मिलीच्या इंजिनात दोनशे! ते कधी लपवत नव्हते, त्यांना वाटायचं सगळ्याच गाड्या पितात. धूर मला दिसला नाही कारण जुन्या सायलेन्सरला दहा भोकं, तो खालून पसरून जायचा, आणि पीयूसीचं मशीन पेट्रोल गाडीचा सीओ आणि एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, बघतं, ऑइल जळतंय का याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. त्यात भर म्हणजे त्या पिढीच्या गाड्यांना हेडपाशी हवा ओढून घेणारी एक नळी असते, त्या हवेच्या जोरावर जाळी उरलेलं पेट्रोल जाळते. काकांच्या गाडीला ती नळी नाही, मिक्श्चर जुन्या पद्धतीचं श्रीमंत, म्हणजे पेट्रोल जास्त, वरून ऑइल. जाळीने किती दिवस टिकायचं.

आणि मला आठवतंय ते हे. जुना सायलेन्सर उतरवला तेव्हा मी सवयीने त्याच्या शेपटीत बोट घातलं होतं. कोरडी काजळी यायला हवी, बोटाला ओलं, चिकट काळं लागलं. मी ते फडक्याला पुसलं आणि तुटलेल्या स्टडकडे वळलो. डोक्यात स्टडच होता. वीस वर्षं हे काम करतोय, पोऱ्याला मीच शिकवलंय की शेपटीत बोट घाल.

शेजारचा गॅरेजवाला म्हणाला, एवढं काय, पहिल्याच दिवशी सळी घालून जाळी फोडायची होती, सगळे तेच करतात. करतात, माहीत आहे मला, आणि चालू बीएस-फोर, बीएस-सिक्स गाड्यांच्याही फोडतात, पोरं व्हिडिओ बघून येतात आणि आवाज पाहिजे म्हणून पैसे देतात. त्या गाड्यांचा धूर मग आपण आणि आपली पोरंच खातो घोडबंदर रोडला उभे राहून. मी ते काम घेत नाही. पण ९६ च्या गाडीला मुळात जाळी नव्हतीच, तेव्हा इथे काढणं चुकीचं नाही असं मी रात्रभर विचार करून ठरवलं. नुसती पोकळी ठेवली असती तर डबा वाजला असता, म्हणून जाळीच्या जागी छिद्रांचा पाईप सरळ बसवून घेतला, गॅस वेल्डिंगने सांधा बंद केला आणि घासून उष्णतेचा रंग मारला. आणि त्याआधी इंजिनाचं हाफ काम, म्हणजे हेड आणि सिलेंडरचं. व्हॉल्व्ह सील बोटात चुरडलं गेलं इतकं कडक झालेलं, पिस्टनच्या रिंगा संपलेल्या, बोअर करून ०.२५ एमएम मोठा पिस्टन टाकला.

मजुरी मी घेतली नाही. काका भांडले माझ्याशी, पार्टचे पैसे जबरदस्तीने टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "तू सांगितलंस ना काय चुकलं ते, बस झालं." मला ते बस झालं वाटत नाही. ती जाळी तिच्या स्वतःच्या गाडीवर अजून कितीतरी वर्षं चालली असती. भंगारवाला तिचे पैसे देतोय, दोनदा विचारून गेला, मी दिली नाही, फळीवर ठेवलीये.

गाडी आता येऊर चढते. डाव्या स्टडची मात्र मला धाकधूक आहे, जुन्या आट्यांवर भरवसा ठेवलाय मी. काकांना सांगितलंय, हजार किलोमीटर झाले की या, गार इंजिनावर दोन्ही नट बघू आणि ऑइलची काडीही.